हॉलच्या भिंतींना गडद रंग दिला तर खोली लहान दिसते का? फिनिश कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की हॉल 10 बाय 15 चा आहे, मनात गडद हिरवा आहे आणि घरातले सगळे ‘खोली लहान दिसेल, क्रीमच द्या’ म्हणतायत. हे वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य मी नऊ वर्षं ऐकलंय.

आधी उत्तर सांगते. द्या हिरवा. चारही भिंतींना द्या. आणि फिनिश डल घ्या, म्हणजे पूर्ण मॅट. दुकानदार, पेंटर, शेजारी कुणीही ‘थोडी शाईन बरी दिसते’ म्हणालं तरी ऐकू नका.

मी मूळची वाईजवळच्या एका गावची. आमच्या आजीची खोली निळी होती. दसरा काढायच्या दिवसांत आजी पिंपात चुना भिजवायची, तो निवला की पुडीतली नीळ फडक्यात बांधून त्यात पिळायची आणि थोडा डिंक घालायची, म्हणजे भिंतीला पाठ टेकली तरी कपड्याला रंग लागत नाही. मग कुंचा घेऊन आम्ही पोरं तिच्या मागे. ओला असताना तो रंग गडद दिसायचा आणि वाळता वाळता उजळायचा, म्हणून ती नीळ नेहमी जरा सढळ हातानेच घालायची. भिंती मातीच्या, एकीला चांगलं वीतभर पोट आलेलं, सारवणाच्या हाताच्या खुणा जागोजागी. खिडकी एकच आणि तीही लहान. पण त्या खोलीत शिरलं की आत गार आणि शांत वाटायचं. खोली लहान आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही, आणि भिंतीचं ते पोट मला मोठी होईपर्यंत दिसलंही नव्हतं. का दिसलं नव्हतं, ते कळायला फार वर्षं गेली.

2012 साली चिंचवडच्या आमच्या फ्लॅटला रंग काढायचा ठरला. हॉल 10 बाय 16, पश्चिमेला गॅलरी. मी आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात गेले. चिंतामणी रंग, निळ्या आणि जांभळ्याच्या मधला. (शेड जुळवायला साडी न्यायची असेल तर सुती न्या. बऱ्याच रेशमी साड्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, मान हलवली की रंग बदलतो. कार्डावरची कुठलीच शेड मग जुळत नाही.) शेड मिळाली, आणि कोडची चिठ्ठी मी जपून ठेवली.

फिनिशचा प्रश्न मला पडलाच नव्हता. कंत्राटदार म्हणाला, “ताई, लस्टर घ्या, पोरांचे हात लागले तरी पुसता येतं.” लस्टर म्हणजे चमकणारा रंग. मुलगी तेव्हा पहिलीत होती, म्हटलं बरोबर बोलतोय. भिंतीवर पुट्टीचा एकच हात होता. वायरिंगच्या पाइपसाठी फोडलेल्या झिऱ्या नुसत्या बुजवलेल्या, घासकाम अर्ध्या दिवसात आटोपलेलं. दुसरा हात वाळला आणि दुपारी चार वाजता गॅलरीतून ऊन आत आलं. लांबच्या भिंतीवर ते आडवं पसरलं आणि भिंतीतलं एकूण एक व्यंग उघडं पडलं. झिऱ्यांच्या रेषा, पट्टीने ओढलेल्या पुट्टीचे काठ, रोलर जिथे थांबला तिथले पट्टे. मध्यभागी ट्यूबलाइटचं लांबलचक प्रतिबिंब. आईच्या लुगड्याचा तो मऊ रंग राहिलाच नव्हता, रेक्झिन ताणून बसवल्यासारखं दिसत होतं.

पंधरा दिवसांनी सत्यनारायण होता. मोठे भाऊजी आले, हॉलभर नजर फिरवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मी सांगितलं होतं. गडद रंग खोली खातो.” कुणीतरी गोदामासारखं वाटतंय म्हणालं. मी प्रसादाच्या द्रोणांकडे बघत राहिले. मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. काहीतरी बिघडलंय एवढं दिसत होतं, आणि रंग मी निवडलेला, म्हणजे चूक माझीच असं मीही धरून चालले.

पुढच्या महिन्यात आईच्या ऑपरेशनसाठी बारा दिवस माहेरी गेले होते. परत आले तर हॉल क्रीम. भाऊजींनी माणूस पाठवला होता, स्वस्तात झालं म्हणे. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि चहा टाकला. त्यावर मी तेव्हा काहीच बोलले नाही, त्याची खंत मला आजही आहे.

दोन पावसाळे गेले आणि क्रीमचे पापुद्रे सुटायला लागले. नखाने धरून ओढलं की तळहाताएवढा तुकडा हातात यायचा. भाऊजी म्हणाले, “खालचा निळा वर येतोय. असे रंग पुढेही त्रास देतात.” हेही मी ऐकून घेतलं. आज मला कारण माहीत आहे. लस्टर हा टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा तेलकट जातीचा रंग, आणि त्याच्यावर मारलेलं क्रीम पाण्याचं इमल्शन. लस्टरची चमक पॉलिश पेपरने मोडून मध्ये प्रायमर दिल्याशिवाय त्यावर इमल्शन धरत नाही. खाली निळा असता, गुलाबी असता किंवा पांढरं लस्टर असतं, तरी ते सुटणारच होतं.

2021 च्या सप्टेंबरात वायरमनने हॉलचा जुना स्विचबोर्ड काढला आणि खाली वीतभर निळा चौकोन निघाला. मुलगी बघत होती. म्हणाली, “आई, हा रंग होता आपल्याकडे? मग काढला कशाला?” त्याच रात्री मी फाइलमधून 2012 ची चिठ्ठी काढली.

या वेळी ज्या पेंटर मामांना बोलावलं त्यांनी शेड कार्ड उघडलंच नाही. खिडक्या लावून घेतल्या, बॅटरी भिंतीला चिकटवून धरली आणि उजेड भिंतीवरून आडवा सोडला. सगळे उंचवटे सावलीसकट समोर. म्हणाले, “ह्या भिंतीला चमक चालणार नाही. डल घ्या.” आणि त्या क्षणी मला आजीची खोली आठवली. चुन्याला चमक नसते. उजेड त्याच्यावर पडला की सगळीकडे सारखा विखुरतो, म्हणून पोट आलेली भिंतही सपाट वाटते. चमकणारा रंग उजेड एकाच दिशेने परत फेकतो, आणि भिंत जिथे जिथे वळते तिथे तिथे ती चमक तुटते. पांढऱ्यावर, क्रीमवर हे फारसं कळत नाही कारण भिंत आणि चमक दोन्ही उजळच असतात. गडद रंगावर मात्र चमक उठून दिसते, आणि तिच्याबरोबर भिंतीचे सगळे दोषही. माझा रंग 2012 लाही बरोबरच होता.

दोन दिवस नुसतं घासकाम चाललं. झिऱ्या पुन्हा भरल्या, पुट्टीचे दोन हात, मग प्रायमर, पुन्हा बॅटरी लावून राहिलेल्या जागा भरल्या. शेवटच्या प्रायमरमध्ये मामांनी दुकानातून करडी छटा घालून आणली, म्हणजे वरचा गडद रंग लवकर झाकतो. कोड जुना असल्यामुळे आधी अर्धाच लिटर बनवून लुगड्याच्या तुकड्याशी ताडून पाहिला. मग मॅटचे तीन हात.

दिवाळीच्या फराळाला मोठे भाऊजी आले. सोफ्यावर टेकले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता बरा घेतलात. हलका.” मी कपाटातून 2012 ची आणि 2021 ची, दोन्ही चिठ्ठ्या आणल्या आणि चकलीच्या ताटलीशेजारी ठेवल्या. एकच कोड. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचल्या, “असेल,” म्हणाले आणि चहा मागितला.

आता तुमचा प्रश्न, खोली लहान दिसते का. बऱ्याच कंपन्या शेडबरोबर एक आकडा देतात, एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू), 0 ते 100. भिंत किती उजेड परत देते ते त्यावरून कळतं. चांगला पांढरा 80 च्या वर असतो, गडद निळे-हिरवे 10 च्या आसपास किंवा त्याहून खाली. म्हणजे गडद रंगाने खोलीतला उजेड कमी होतो हे खरं आहे, आणि एका ट्यूबवर चालणाऱ्या हॉलमध्ये ते जाणवणारच. त्याला उपाय दिव्यांचा आहे. मधल्या एका दिव्याऐवजी कोपऱ्यांत दोन-तीन लावा, आणि 3000 केल्विनच्या आसपासचे पिवळसर घ्या. 6500 च्या पांढऱ्या उजेडात तुमचा हिरवा निळसर आणि थंड दिसेल. नमुना घरी आणून रात्री तुमच्याच दिव्याखाली बघा. दुकानातल्या उजेडात ठरवू नका. उजेड नीट असला की गडद भिंतींच्या कोपऱ्यांतल्या रेषा पुसट होतात, भिंत कुठे संपते ते डोळ्याला चटकन सापडत नाही, आणि निदान माझ्या हॉलमध्ये तरी खोली खोल वाटते, लहान नाही.

एकच भिंत हायलायटर करून बाकीच्या क्रीम ठेवायच्या, असं तुम्हाला नक्की कुणीतरी सुचवेल. मला ते अजिबात पटत नाही. त्याने खोली तुकड्यांत दिसते आणि ती एक भिंत अंगावर आल्यासारखी पुढे येते. खोली खरी खाते ती हायलायटर भिंत. धीर होत नसेल तर एक लहान खोली घ्या आणि ती पूर्ण रंगवा. छत आणि दाराखिडक्यांच्या चौकटी मात्र पांढऱ्या ठेवा. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत फिरलात तर दिसेल, पिवळ्या, निळ्या, विटकरी भिंती आणि खिडक्यांभोवती, कडांना पांढरी किनार. त्या किनारीमुळेच इतके ठसठशीत रंग एकमेकांना लागून उभे राहतात.

हिरव्यासाठी एक सांगते. गडद शेड जवळजवळ पारदर्शक बेसमध्ये, म्हणजे दुकानात ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात बनते, त्यात झाकणारा पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड नसल्यातच जमा असतो. म्हणून दोन हातांत काम होईल असं धरू नका. तुमच्या हॉलच्या भिंती दारं-खिडक्या वजा जाता 400 चौरस फुटांच्या आसपास भरतील. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना साधारण 100 चौरस फुटांना 1 लिटर लागतो, म्हणजे तीन हातांना 6 लिटर. सगळा एकदम घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र करा. वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या डब्यांत उन्नीस-बीस फरक पडतोच आणि गडद रंगात तो भिंतीच्या मधोमध दिसतो. लाल किंवा पिवळा घेणार असता तर मी चार हात धरायला सांगितलं असतं, ते सगळ्यात कमी झाकतात.

मॅटचे तोटे आहेत, ते लपवत नाही. गडद मॅटवर ओल्या फडक्याने जोरात घासलं की तिथे चमकदार डाग राहतो, आणि सोफ्याची पाठ जिथे घासते तिथेही तसंच होतं. मी पाव लिटर रंग बरणीत घट्ट झाकून ठेवलाय, वर्षातून एकदा लहान ब्रशने डाग झाकते. स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या दाराजवळ मॅट घेऊ नका, तिथे सॅटिन, म्हणजे हलकी चमक असलेलं फिनिश बरं. लाकडी दारांना ऑइलपेंटच, तिथे चमक चालते. दारांवर जुने ऑइलपेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू देऊ नका, मुलांना त्या दिवशी बाहेर ठेवा. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत ते जास्त असू शकतं.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. एखादी भिंत बाथरूमला लागून असेल किंवा पावसाची झड खाणारी असेल, तर हिरव्याचा डबा आणण्याआधी तिच्यावर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. आतून थेंब जमले किंवा भिंतीला पांढरा लोणा फुटलेला असेल, तर आधी गळती शोधून बंद करा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. गडद रंगावर लोणा मिठासारखा उठून दिसतो, आणि मग घरातले सगळे पुन्हा रंगालाच नावं ठेवतील. त्यात यंदाची दिवाळी गेली तर जाऊ द्या, पण शेडचा कोड आजच लिहून ठेवा.