दात पांढरे करताना जेलमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ मिसळतात, त्याने काय होतं? निळ्या लाइटचे वेगळे पैसे द्यावेत का? लग्न तीन आठवड्यांवर आलंय.

लाइटचे पैसे वाचवा. मी दंतवैद्य आहे आणि व्हाइटनिंग लाइटशिवायच करते.

दवाखान्यातल्या जेलमध्ये साधारण 25 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते टिकावं म्हणून आम्लधर्मी ठेवतात, पण आम्लात ते सुस्त पडून राहतं. अ‍ॅक्टिव्हेटरमधला अल्कली ती आम्लता मोडतो. मग पेरॉक्साइड भराभर फुटतं आणि दाताच्या आत, डेंटिनपर्यंत मुरलेल्या डागांचे मोठे रेणू तोडतं. काही जेलमध्ये लोहाचा किंवा मँगनीजचा क्षार चिमूटभर असतो, तोही हेच काम पुढे रेटतो. आम्लता गेल्याने इनॅमलही कमी खरखरीत होतं, आणि मला हा फायदा वेगापेक्षा मोठा वाटतो.

ओपलेसन्स बूस्टसारख्या 40 टक्के जेलच्या दोन सिरिंज येतात. त्या तोंडाला तोंड लावून जोडायच्या आणि जेल इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत एकजीव करायचं. हे तुमच्यासमोर करायला सांगा.

लाइटने दात गरम होऊ शकतो, आतल्या नसेला त्रास होऊ शकतो, आणि काही दिवसांनी पाहिलं तर रंगात म्हणावा तसा फरक उरत नाही. मी निळा लाइट वापरते तो फक्त हिरडीला जेल लागू नये म्हणून तिच्यावर लावलेलं रेझिन कडक करायला. तिथे मात्र हयगय नको. एकदा एका मुलीला दहाव्या मिनिटाला “ताई, इथं चुरचुरतंय” असं झालं. ओठ बाजूला करून बघते तर रेझिनच्या कडेखालून जेल झिरपलेलं आणि हिरडीवर तांदळाएवढा पांढराफटक डाग. जेल पुसून भरपूर पाण्याने धुतलं. दुसऱ्या दिवशी डाग गेला होता, पण तेव्हापासून मी ती कड दोनदा तपासते. तुम्हालाही चुरचुरलं तर सहन करत बसू नका, लगेच हात वर करा.

त्या रात्री दातांत वीज चमकल्यासारखी कळ येऊ शकते, ती बहुधा एक-दोन दिवसांत जाते. दात सुकल्यामुळे पहिल्या दिवशी जरा जास्तच पांढरे दिसतात, मग थोडे उतरतात. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी नको, याच आठवड्यात करून घ्या. कॅप आणि फिलिंगचा रंग मात्र बदलत नाही. आणि गार पाण्याने आत्ताच कळ येत असेल, तर आधी कीड किंवा तडा आहे का ते बघून घ्या, व्हाइटनिंग नंतर.