कपाटातला मोबाइल

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. साखरपुड्यानंतर होणाऱ्या जावयाला वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं होतं. दिवाळीनंतर आम्ही लग्न मोडलं. शिमग्याच्या तोंडावर त्याने तिचे खासगी फोटो त्याच ग्रुपवर टाकले. ते तिनेच त्याला पाठवले होते, हे ती कबूल करते. मी रागाच्या भरात तिच्या कानाखाली मारली. मोबाइल काढून कपाटात ठेवला. पालखी दारात आली तेव्हा ती ओटी भरायलाही बाहेर आली नाही. यजमान म्हणतात, पोलिसांत गेलो तर जिल्हाभर होईल. सिम मोड आणि हिला मामाकडे धाड. काय करू?
– एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, आधी कपाट उघडा आणि मोबाइल तिच्या हातात द्या. सिम अजिबात मोडू नका. त्याचे मेसेज, त्याचा नंबर, तारीख-वेळ, सगळा पुरावा त्यातच आहे. ग्रुपचं नाव, त्याचा नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग यजमानांनी स्वतः ॲडमिनच्या घरी जावं आणि ते फोटो सर्वांसाठी डिलीट करायला लावावेत. पुरावा म्हणूनही ते फोटो कुणाला पाठवू नका, मलासुद्धा नाही.

तिनेच पाठवले होते, हे तुमच्या मनात सलतंय. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याच्यावर तिने विश्वास टाकला, एवढंच तिने केलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ हेच सांगतं : फोटो काढायला बाईची संमती होती, पण तो तिसऱ्याला दाखवायला नव्हती, तर पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तरी १ ते ३ वर्षं कैद. ग्रुपवरच्या ज्यांनी ते पुढे ढकलले, त्यांनाही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागू शकतं. वाडीत हे मोठ्याने सांगा, बरेच अंगठे थांबतील.

मी रत्नागिरीला वकिली करते. अशीच एक मुलगी माझ्यासमोर बसून बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. शेवटी तिने विचारलं, "मॅडम, किती जणांनी बघितलं असेल?" एसटीत कुणी मोबाइलकडे बघून हसलं तरी तिला वाटायचं, तो माझाच फोटो बघतोय. तुमची मुलगी पालखीसमोर का आली नाही, ते मला त्या ओढणीवरून कळतं. अंगणात जमलेल्यांपैकी कुणी काय पाहिलंय, हे तिला माहीत नव्हतं.

यजमानांची भीती खोटी नाही, पण वाट आहे. सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर घरबसल्या तक्रार होते, अशा प्रकारात नाव न देताही. तरी नाव द्यावं असं मी म्हणेन, कारण पुढच्या तपासाला तेच उपयोगी पडतं. गुहागरच्या ठाण्यात ओळखीची माणसं भेटतील असं वाटत असेल तर चिपळूणला जा, मुंबईला जा. झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा आपल्या हद्दीत घडला नसला तरी करून घ्यायची नोंद, कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

फोटो फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाऊ नयेत म्हणून 'स्टॉप एनसीआयआय' ही वेबसाइटवरची सोय आहे. त्यात फोटो तिच्याच मोबाइलमध्ये राहतो. बोटाच्या ठशासारखी त्याची एक खूण तेवढी कंपन्यांकडे जाते आणि त्या खुणेशी जुळणारा फोटो त्यांना अडवता येतो. पण त्यासाठी मूळ फोटो लागतो. म्हणून तिच्याकडचे फोटोही आत्ताच डिलीट करू नका.

आणि ती थप्पड. ती चूक होती, हे तिला सांगा. संध्याकाळी पडवीत तिच्याजवळ बसून सांगा, यजमानही असू देत. मामाकडे जायचं का, हे तिलाच विचारा. हो म्हणाली तर जाऊ द्या, मोबाइल तिच्याजवळच असू द्या, आणि रोज रात्री फोन तुम्ही करा.