फॅमिली हिस्टरीचा रकाना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे केसपेपर पाहिले. फॅमिली हिस्टरीपुढे, म्हणजे घरच्यांच्या आजारांच्या रकान्यात, सगळीकडे ‘विशेष काही नाही’ एवढंच आहे. ओपीडीतली गर्दी मी जाणतो, तरीही हा रकाना असा सोडू नकोस. तुला फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांच्याविषयी सांगतो.

१९२४ साली हेलसिंकीत त्यांच्यापुढे पाच वर्षांची एक मुलगी आली, ऑलंड बेटांवरची. रक्त वाहू लागलं की थांबत नसे. तिच्या बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी आईवडिलांची दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या तपासली. ६६ माणसांपैकी २३ जणांना हा त्रास निघाला, आणि त्यांत बायका होत्या! हिमोफिलिया तर मुख्यतः पुरुषांचा आजार. शिवाय प्लेटलेट्सची, म्हणजे रक्त थांबवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या कणांची, संख्या ठीक, रक्त गोठण्याची वेळही ठीक; लांबली होती ती टोचल्यानंतर रक्त थांबायची वेळ. १९२६ मध्ये त्यांनी स्वीडिशमध्ये निबंध लिहून हा वेगळा आजार मांडला. प्लाझ्मातल्या, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातल्या, एका घटकाची उणीव हे त्यामागचं कारण कळलं १९५० च्या दशकात, स्वीडनमध्ये. १९४९ मध्ये ते वारले होते. आज तो घटक त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो प्लेटलेट्सना जखमेच्या जागी चिकटवतो आणि फॅक्टर आठ या रक्त गोठवणाऱ्या घटकाला सांभाळून नेतो.

ती मुलगी मात्र तेराव्या वर्षी गेली. चौथ्या पाळीत.

हे वाचून मी अजून अस्वस्थ होतो, कारण आपल्याकडेही पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुलीला ‘आमच्या घरात सगळ्यांचं असंच असतं’ म्हणून गप्प बसवतात. अगं, हीच तर फॅमिली हिस्टरी! आई ते सहज बोलून जाते आणि आपण हिमोग्लोबिन पाहून लोहाच्या गोळ्या देतो.

तेव्हा अशी मुलगी आली की विचार: दात काढल्यावर रक्त किती वेळ वाहिलं? नाकातून येतं का? अंगावर काळेनिळे डाग उठतात का? आईला बाळंतपणात, मावशीला ऑपरेशनमध्ये काय झालं? पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या चाचण्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून फाइल मिटू नकोस. फॉन विलेब्रांडच्या आजारात ते नॉर्मल असू शकतात. फॉन विलेब्रांड फॅक्टरची तपासणी सांग. ताणात, गरोदरपणात त्याची पातळी वाढते आणि उणीव झाकली जाऊ शकते, म्हणून शंका असेल तर पुन्हा कर.

तुझा,
सर