कायद्याची शंकापेटी : एल्डोराडोच्या मुली आणि तारखांचा हिशोब

मागच्या अंकात अमेरिकेतल्या ‘एफएलडीएस’ या बहुपत्नीक पंथावर लेख होता. ‘फंडामेंटलिस्ट चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे त्याचं पूर्ण नाव. मॉर्मन हा अमेरिकेत निघालेला ख्रिस्ती परंपरेतला पंथ; त्याच्या मुख्य चर्चने १८९० साली बहुपत्नीत्व सोडलं. ज्यांना ते पटलं नाही त्यांच्या गटांतून पुढे हा पंथ उभा राहिला, त्यामुळे दोघांची गल्लत करू नये. टेक्सासमधल्या एल्डोराडो गावाजवळ पंथाची ‘यर्निंग फॉर झायन’ ही सुमारे १,७०० एकरांची वस्ती होती. तिथल्या अल्पवयीन मुलींच्या ‘लग्नां’वरून २००८ साली फौजदारी खटले उभे राहिले. लेखानंतर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : ‘ग्रँड ज्युरीने इंडिक्ट केलं’ म्हणजे दोषी ठरवलं का? आपल्याकडच्या दोषारोपपत्रासारखंच हे असतं का? (एक वाचक, सातारा)

दोषी ठरवणं अजून खूप पुढे असतं. आपल्याकडे पोलिस तपास करून दोषारोपपत्र दाखल करतात आणि मग न्यायालय आरोप निश्चित करतं. टेक्सासमध्ये गंभीर गुन्हा असेल तर मध्ये आणखी एक चाळणी लागते. त्या काउंटीतले (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १२ सामान्य नागरिक बंद दाराआड सरकारी पुरावा ऐकतात. खटला चालवण्याइतका आधार आहे असं त्यांपैकी किमान ९ जणांना वाटलं, तरच इंडिक्टमेंट निघतं. तिथे न्यायाधीश बसत नाही आणि बचावाच्या वकिलाला उलटतपासणी घेता येत नाही. म्हणून इंडिक्टमेंटला ‘आरोप ठेवले’ म्हणावं. ‘दोष सिद्ध झाला’ असं छापणं चूक आहे.

एल्डोराडो हे श्लायकर काउंटीचं मुख्य ठिकाण. अख्ख्या काउंटीची वस्ती तीन हजारांच्या आत. तिथल्या ग्रँड ज्युरीने २२ जुलै २००८ रोजी पंथाचा प्रमुख वॉरन जेफ्स आणि आणखी पाच जणांवर आरोप ठेवले. जेफ्ससह पाच जणांवर बालकावरील लैंगिक अत्याचाराचा आरोप होता आणि त्यांतल्या एकावर शिवाय द्विभार्येचा. सहावा वस्तीतला डॉक्टर. त्याच्याबद्दल पुढे येईल. नंतरच्या महिन्यांत आरोपींची संख्या १२ झाली.

प्रश्न : छापा ज्या फोनवरून पडला तो फोनच खोटा निघाला. मग पुरावा बाद कसा झाला नाही? (एक वाचक, डॅलस)

आरोपींच्या वकिलांनी हाच मुद्दा सर्वांत जास्त लावून धरला. १६ वर्षांची मुलगी आहे, मारहाण होते, असा फोन एका महिला आधारकेंद्राकडे आला होता. त्यावरून न्यायाधीशांनी झडतीचं वॉरंट दिलं आणि ३ एप्रिल २००८ रोजी पोलिस वस्तीत शिरले. ती मुलगी सापडली नाही, कारण ती नव्हतीच. कोलोरॅडोतल्या एका स्त्रीचा तो बनाव असल्याचं पुढे दिसून आलं.

पण वॉरंटचा कस लागतो तो अर्ज केला त्या क्षणी पोलिसांना काय ठाऊक होतं यावर. फोन खोटा आहे हे माहीत असताना अर्ज केला असता, तर सगळा पुरावा गेला असता. इथे अधिकाऱ्यांनी फोन खरा समजून, प्रामाणिकपणे अर्ज केला, असं न्यायाधीश बार्बरा वॉल्थर यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये ठरवलं आणि पुरावा राहिला. दुसरी गोष्टही महत्त्वाची आहे. आत गेल्यावर पोलिसांना कोवळ्या वयाच्या गरोदर मुली दिसल्या, तेव्हा त्यांनी हाताला लागतील ती कागदपत्रं उचलली नाहीत. जे दिसलं ते लिहून ६ एप्रिलला दुसरं वॉरंट मिळवलं. ही शिस्त नसती तर पुढचे खटले उभेच राहिले नसते.

प्रश्न : इतका अत्याचार होत होता तर ४३९ मुलं दोन महिन्यांत परत का दिली? कोर्टाने पंथाची बाजू घेतली का? (एक वाचक, कोल्हापूर)

बाजू घेतली नाही. छाप्यानंतर बालसंरक्षण खात्याने वस्तीतली ही मुलं ताब्यात घेतली होती. मुलांना हलवण्याचं प्रकरण दिवाणी होतं, ते फौजदारी खटल्यांपासून वेगळं. टेक्सासच्या कायद्यात मूल तातडीने आईपासून काढायचं, तर त्या मुलाच्या शरीराला किंवा सुरक्षिततेला तत्काळ धोका आहे हे दाखवावं लागतं. आणि ते प्रत्येक मुलापुरतं दाखवावं लागतं.

बालसंरक्षण खात्याने अख्खी वस्ती म्हणजे एकच घर मानलं. एका मुलीवर अत्याचार झाला म्हणजे शेजारच्या इमारतीतला तान्हा मुलगाही धोक्यात, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेकडो मुलांची सुनावणी एकाच वेळी झाली. सभागृह वकिलांनी भरलेलं, पण कुठलं मूल कुठल्या आईचं हेसुद्धा धड लागत नव्हतं. ऑस्टिनच्या अपील न्यायालयाने २२ मे रोजी हा आदेश चुकीचा ठरवला आणि २९ मे रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पंथाची शिकवण काय आहे एवढ्यावरून मूल काढता येत नाही, आणि वयात न आलेल्या मुलींना व मुलग्यांना तत्काळ धोका असल्याचं खात्याने दाखवलेलं नाही, असं कारण दिलं गेलं. २ जूनपासून मुलं परतू लागली.

आमच्या मते हा निकाल योग्य होता, आणि तरीही त्याची किंमत मुलींनी मोजली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खात्याचा अहवाल आला. १२ मुलींची ‘लग्नं’ १२ ते १५ या वयात लावली गेली होती आणि त्यांपैकी सात जणी आई झाल्या होत्या. वस्तीत १२ ते १७ वयाच्या मुली ४३ होत्या, म्हणजे चौघींत एक. एप्रिलमध्येच या १२ जणींची नावं, वयं आणि घरं वेगवेगळी मांडली असती, तर त्यांच्यापुरता आदेश टिकण्याची शक्यता बरीच होती.

प्रश्न : मुली साक्ष द्यायला तयार नव्हत्या असं वाचलं. मग गुन्हा सिद्ध कशाने झाला? (एक वकील वाचक, पुणे)

कागदाने आणि डीएनएने. पंथाला नोंदी ठेवण्याची विलक्षण सवय होती. ‘बिशपची नोंद’ नावाचे तक्ते सापडले. एका पुरुषाचं नाव, खाली त्याच्या बायका, मग मुलं, प्रत्येकापुढे वय आणि मुक्कामाचं ठिकाण. एका नवऱ्याखाली बायकांची रांग वाचत जावं आणि एका नावापुढे वयाच्या रकान्यात ‘१६’ दिसावं, असा तो कागद. शिवाय जेफ्स रोज जे सांगे ते टिपून घेतलं जाई. कुठली मुलगी कुणाला कोणत्या दिवशी दिली, हे त्यात तारखेसह होतं. हे सगळं ईश्वरासाठी जपायचं म्हणून तिजोरीत ठेवलेलं होतं.

सरकारी वकिलाला चार गोष्टी सिद्ध करायच्या होत्या: मुलीचं वय, पुरुषाची ओळख, घटनेचा काळ आणि घटनेचं ठिकाण. वय जन्मदाखल्यावरून. ओळख डीएनएवरून. आई, बाळ आणि संशयित पुरुष अशा तिघांचे नमुने घेतले की पितृत्वाबद्दल व्यवहारात शंका उरत नाही.

काळाचा हिशोब असा. समजा बाळ १५ ऑगस्टला जन्मलं. पूर्ण दिवसांचं बाळ गर्भधारणेपासून साधारण ३८ आठवड्यांनी, म्हणजे २६६ दिवसांनी जन्मतं. मागे मोजलं तर गर्भधारणा आधीच्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. टेक्सासमध्ये बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या कलमासाठी १७ वर्षांखालची व्यक्ती ‘बालक’ धरली जाते. मुलीला १७ वर्षं पुढच्या जूनमध्ये पूर्ण होणार असतील, तर बाळ दोन महिने आधी जन्मलं असं धरूनही ती गर्भधारणेच्या वेळी १७ च्या आतलीच ठरते. वाढदिवस डिसेंबरात असेल, तर मात्र दोन-चार आठवड्यांवरून खटला अडतो. तिथे बाळाच्या जन्माच्या वेळचं वजन आणि सुईणीची नोंद कामाला येते.

ठिकाण सर्वांत अवघड. बाळ एल्डोराडोत जन्मलं म्हणून गर्भधारणाही तिथलीच, असं आपोआप ठरत नाही. या लोकांची वस्ती युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरही होती, आणि घटना दुसऱ्या राज्यातली निघाली तर श्लायकर काउंटीचा अधिकारच संपतो. म्हणून त्या तारखांना मुलगी कुठे राहत होती हे दाखवणारे रकाने इतके मोलाचे ठरले.

नोव्हेंबर २००९ मध्ये पहिला निकाल लागला, १० वर्षं. नंतर ३३ वर्षं, ७५ वर्षं अशा शिक्षा झाल्या. जेफ्सचा खटला २०११ मध्ये सॅन अँजेलोत चालला. त्याने वकील काढून टाकले आणि स्वतःच बाजू मांडली. त्याने ‘लग्न’ लावून घेतलेल्या दोन मुली १२ आणि १५ वर्षांच्या होत्या. ज्युरीने डीएनएचा पुरावा पाहिला आणि अत्याचाराच्या वेळची ध्वनिफीत ऐकली. ९ ऑगस्ट २०११ रोजी त्याला जन्मठेप आणि त्यापुढे २० वर्षं झाली.

प्रश्न : मुलीच्या आईवडिलांनीच लग्न लावून दिलं, तर ‘ती माझी बायको आहे’ हा बचाव चालत नाही का? (एक वाचक, मडगाव)

चालला नाही, आणि याचं कारण २००५ सालच्या कायद्यात आहे. त्याआधी टेक्सासमध्ये पालकांच्या संमतीने १४ व्या वर्षी लग्न करता येत असे. हा पंथ एल्डोराडोत जमीन घेऊन बसला, तेव्हा तिथल्या आमदाराने वय १६ करून घेतलं. जिच्याशी लग्न करायलाच कायद्याने बंदी आहे (उदाहरणार्थ, आधीची बायको असताना) अशा बालिकेवर अत्याचार झाला, तर गुन्ह्याचा दर्जाही वाढवला. पूर्वी शिक्षा २ ते २० वर्षं होती, ती ५ ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप झाली. बदल १ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. एकाला १० वर्षं आणि दुसऱ्याला ७५ वर्षं का, असं काही वाचकांनी विचारलं आहे. त्याचं मोठं कारण हेच: त्या तारखेआधीच्या कृत्याला कमाल शिक्षाच २० वर्षं होती. बाकी, पंथात लावलेलं दुसरं-तिसरं लग्न कायद्याच्या लेखी लग्नच नव्हतं, म्हणून नवऱ्याचा बचावही नव्हता.

प्रश्न : युटामधली जेफ्सची शिक्षा रद्द झाली होती ना? (एक वाचक, नागपूर)

हो. १४ वर्षांच्या मुलीचं तिच्या नात्यातल्या भावाशी लग्न लावून बलात्काराला साहाय्य केलं म्हणून २००७ मध्ये तो दोषी ठरला. ज्युरीला दिलेल्या सूचनांत चूक होती म्हणून युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये तो निकाल फिरवला.

प्रश्न : जेफ्स तुरुंगात गेल्यावर हे थांबलं का? (एक वाचक, बेळगाव)

नाही. त्याच पंथातून फुटलेल्या सॅम्युएल बेटमनने २० हून अधिक ‘बायका’ केल्या, त्यांत १० अल्पवयीन. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफजवळ त्याच्या गाडीमागच्या बंद ट्रेलरच्या फटीतून लहान बोटं बाहेर आलेली कुणाला तरी दिसली आणि पोलिसांना कळवलं गेलं. आत ११ ते १४ वर्षांच्या मुली होत्या. हवा यायला धड जागा नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली.

प्रश्न : त्या डॉक्टरचा गुन्हा काय? आणि आपल्याकडे एखाद्या आश्रमात, मठात असं चाललंय अशी शंका आली, तर नेमकं काय करायचं? (एक शिक्षिका, नाशिक)

डॉक्टरवर बालअत्याचार न कळवल्याचे तीन आरोप ठेवले होते. टेक्सासमध्ये डॉक्टर, शिक्षक यांना शंका आल्यापासून ४८ तासांत कळवावं लागे. ते का हवं, हे वस्तीतल्याच एका नोंदीतून दिसतं. १६ वर्षांच्या मुलीची प्रसूती अडली होती, तरी तिला रुग्णालयात नेऊ नका, नेलं तर चौकशी होईल, असं जेफ्सने सांगितल्याचं त्यात आहे. त्या मुलीच्या जिवापेक्षा चौकशीची भीती मोठी ठरली.

आपल्याकडे पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याचं कलम १९ फक्त डॉक्टर-शिक्षकांना नाही, प्रत्येकाला लागू आहे. गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होईल अशी भीती असेल, तर पोलिसांना कळवायचं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, आणि सद्‌हेतूने दिलेली खबर चुकीची निघाली तरी तुमच्यावर कारवाई होत नाही. १०९८ (चाइल्डलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) वर फोन करा. मुलीला खोदून खोदून प्रश्न विचारू नका. एकच गोष्ट चारदा वेगवेगळ्या माणसांनी विचारली की उत्तरात फरक पडतो आणि उलटतपासणीत तोच तिच्यावर उलटवला जातो. तिने आपणहून जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. आश्रमाच्या प्रमुखाला आधी ‘विचारून बघू’ हे तर मुळीच नको. त्या रात्रीत मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात पोचते.

मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. जबाबाच्या वेळी पालक किंवा ‘मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती’ हजर असावी असं कायदा म्हणतो. पालकच पंथात असतील, तर हा दुसरा पर्याय पोलिसांना आवर्जून दाखवून द्या. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. कळवलं का, हे विचारा.

धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारी माणसाने त्या संस्थेतल्या बालकावर बलात्कारासारखा अत्याचार केला, तर तो गुरुतर गुन्हा धरला जातो आणि किमान २० वर्षांची शिक्षा आहे. ‘लग्न केलं होतं’ ही ढालही उरलेली नाही. १८ वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं.

आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून खास सांगतो: वयाच्या पुराव्यात पहिला मान शाळेतल्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला आहे, त्यानंतर महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्याला. दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी होते, आणि तिचा अंदाज दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतो. १७ वर्षांच्या मुलीसाठी तेवढ्यात खटला बुडतो. मुलगी शाळेतून अचानक नाहीशी झाली असेल, तर जनरल रजिस्टरमधली तिची ओळ शोधा, त्या पानाची साक्षांकित प्रत मुख्याध्यापकांकडून तपास अधिकाऱ्यापर्यंत पोचली का ते पाहा, आणि मूळ रजिस्टर कपाटात कुलपात राहील याची काळजी घ्या.