पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वर्षभर वेगवेगळ्या ट्रिप कशा प्लॅन कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की घरात दोन शाळेत जाणारी मुलं आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि दर सुट्टीला फिरून फिरून लोणावळा नाहीतर महाबळेश्वरच होतं. माझं म्हणणं एवढंच की जागा आधी ठरवू नका. आधी महिना बघा, त्या महिन्यात कुठल्या दिशेला काय चालू असतं ते बघा, मग जागा आपोआप सापडते.

आपण पुणेकर सगळे पश्चिमेला पळतो. सिंहगड, मुळशी, ताम्हिणी, लोणावळा, त्यामुळे शनिवारी सकाळी अर्धी सुट्टी चांदणी चौकाच्या आसपासच संपते. पूर्वेला मात्र फार कोणी बघत नाही, आणि खरं सांगू का, हडपसर एकदा ओलांडलं की तिकडे इतकं काही आहे की वर्ष पुरणार नाही.

पावसाळ्याचंच घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांना धबधबा पाहिजे असतो, पण लहान मुलं आणि आजी बरोबर असताना पाण्याजवळची गर्दीची ठिकाणं विकेंडला नकोच. २०२५ च्या जूनमध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल माणसांसकट कोसळला, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. जिल्हाधिकारी पावसाळ्यात ज्या ठिकाणांवर बंदी घालतात ती यादी आधी वाचा आणि मगच निघा. त्याऐवजी मी म्हणेन भुलेश्वरला जा. सोलापूर रोडने यवतच्या पुढे उजवीकडे वळायचं, टेकडीवर देऊळ आहे, पाऊस तिकडे बेताचाच असतो पण टेकड्या हिरव्या झालेल्या असतात. बाहेरून बघितलं तर देऊळ वाटतच नाही, बुरूज आणि तटबंदी असल्यासारखं दिसतं, आत शिरलं की अंधाऱ्या अरुंद पायऱ्या, आणि वर आलं की एकदम समोर भलामोठा नंदी. गाभाऱ्याच्या भोवती जी वाट आहे तिथे भिंतीवर मूर्तीच मूर्ती आहेत, बऱ्याच तुटलेल्या, पण त्यातली स्त्रीरूपातली गणपतीची मूर्ती मुलांना शोधायला लावा, अर्धा तास हलणार नाहीत तिथून. मोबाईलचा टॉर्च लागेल. पायऱ्या थोड्याच आहेत, हात धरून सासूबाईंना जमेल असं वाटतं. येताना सासवडला संगमेश्वराचं देऊळ करून दुपारी घरी.

सप्टेंबर म्हणजे साताऱ्याजवळचं कास, फुलांचं पठार, हे तुम्हाला माहीतच असेल, पण विकेंडला नका जाऊ प्लीज, मधल्या वारी एक रजा टाका आणि ऑनलाइन बुकिंग आधीच करा. सगळी फुलं एकदम येत नाहीत, तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, दर थोड्या दिवसांनी पठाराचा रंग बदलतो, म्हणून फोटो बघून अपेक्षा ठेवू नका. परतताना वाईजवळ मेणवलीला थांबा, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे आणि तिथे चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा टांगलेली आहे. मुलांना इतिहास शिकवायला यापेक्षा सोपी जागा नाही.

दिवाळीची सुट्टी मोठी असते तेव्हा संभाजीनगर धरा, फक्त एक लक्षात ठेवा, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, बरेच लोक तिथे जाऊन गेटवरून परत येतात. वेरूळ सासूबाईंसाठी बरं, अजिंठ्याला चढउतार आहे. एक दिवस जास्त असेल तर लोणार करा, उल्का पडून झालेलं सरोवर, पण वरून कडेवरूनच बघा, खाली उतरायचं त्यांना जमणार नाही.

आता माझा सगळ्यात आवडता काळ, जानेवारी ते मार्च. जानेवारीत हुरडा. नगर रोडला, सोलापूर रोडला शेतावर हुरडा पार्ट्या असतात, झुले-बिले, रेन डान्स असलं सगळं असणाऱ्या जागी जाऊ नका, साधं शेत बघा. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं खुपसतात, गरम कणीस हातावर चोळलं की हिरवे दाणे गळतात, त्यावर लसणाची चटणी, दही, गूळ. ते तिथेच आगटीशेजारी बसून, चटके सोसत खायचं असतं. पार्सल आणून मजा नाही. आणि सासूबाईंना हे नक्की आवडेल, बहुतेक त्याच मुलांना शिकवतील कणीस कसं चोळायचं ते.

भिगवण सोलापूर रोडवरच, साधारण शंभर किलोमीटर. उजनीच्या बॅकवॉटरला रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, पण धरण काठोकाठ भरलेलं असेल तर उथळ पाणी राहत नाही आणि ते उशिरा उतरतात, म्हणून मी डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीला जा म्हणेन. कुंभारगावातल्या नाववाल्याला आदल्या दिवशी फोन करून पक्षी आहेत का विचारा, ते खरं सांगतात. पहाटे पुण्यातून निघा. नाव जवळ गेली की सगळ्यांनी गप्प बसायचं, रोहित मान उलटी करून चिखल गाळत असतात, पंख मिटलेले असताना पांढुरकेच दिसतात, आणि उडाले की पंखातला गुलाबी-काळा रंग एकदम उघडतो. नाववाल्याला उडवायला मात्र सांगू नका, फोटोसाठी लोक सांगतात आणि पक्षी दमतात बिचारे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज, पण तिथे दिसतात. दुपारी तिथेच मासे खाऊन या.

मार्चमध्ये एक मुक्कामाची ट्रिप वेळासला, मंडणगड तालुक्यात. ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड असा रस्ता आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी किनाऱ्यावर जपतात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी हे काम २००२ पासून उभं केलंय. सकाळ-संध्याकाळ अंड्यांवर झाकलेली टोपली उचलून बघतात, पिल्लं आली असली तर समुद्राकडे सोडतात. नाही आली तर नाही आली, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. राहायचं गावातल्या घरात, एसी-बिसी नाही, आणि किनाऱ्यापर्यंत चालावं लागतं, तेव्हा सासूबाईंना विचारून ठरवा.

मे अखेरीला भंडारदऱ्याला काजवे असतात, पण विकेंडला गाड्यांच्या हेडलाईटमध्ये काजवे दिसतच नाहीत, मधल्या वारी जमत असेल तरच जा.

एक गोष्ट आम्ही घरात कटाक्षाने पाळतो, लागोपाठ दोन ट्रिप एकाच प्रकारच्या ठेवत नाही. देऊळ झालं की पुढे पक्षी, नंतर खाणं, मग समुद्र. आणि दर वेळी एकाच माणसाच्या सोयीचं बघायचं नाही, एक ट्रिप अशी ठेवा की मुलांना तुम्ही एकटेच घेऊन लोहगड चढाल, लोकलने मळवलीला उतरून, वाटेत भाज्याची लेणी. २०२५ मध्ये युनेस्कोने जे बारा किल्ले घेतले त्यात लोहगड आहे, मुलांना सांगा, चढताना कुरकुर कमी होते.

कॅलेंडरवर आधी फक्त कास आणि वेळास टाका कारण त्यांना महिना चुकला की वर्ष जातं, बाकीचं आठवडाभर आधी ठरवलं तरी चालतं. आणि दर वेळी गाडीच पाहिजे असं नाही, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि सासूबाई ७५ च्या पुढे असतील तर त्यांना तिकीटच लागत नाही, फक्त कुठलं ओळखपत्र लागतं ते आधी विचारून घ्या.