बीपीची गोळी चालू असताना ज्येष्ठमधाचा काढा

आई ६२ वर्षांची, बीपीची गोळी रोजची, कोरडा खोकला जात नाही म्हणून दोन महिने दोन्ही वेळा ज्येष्ठमधाचा काढा, आणि आता पावलांवर सूज. 'आयुर्वेदिकच आहे, चालू ठेवला तर काय बिघडेल?' असं तुम्ही विचारलंय. बिघडेल. काढा आजच बंद करा आणि उद्या डॉक्टरांना दाखवा. पोटऱ्यांत गोळे येत असतील, हातापायांत त्राण नसेल किंवा छातीत धडधडत असेल तर उद्याचीही वाट बघू नका.

इतकं ठासून सांगतेय कारण आमच्या घरी हेच झालं. सासूबाईंचा घसा बसायचा, म्हणून मीच काडी ठेचून, उकळून देत होते. तिसऱ्या महिन्यात मोज्यांचे वळ रात्रीपर्यंत जाईनात, नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा, बीपी १७० च्या वर. डॉक्टरांनी गोळ्यांची चौकशी केली, पण काढ्याचं आम्ही बोललोच नाही. आमच्या लेखी ते औषधच नव्हतं! रक्तात पोटॅशियम कमी निघालं तेव्हा कुठे विषय निघाला. काढा बंद केल्यावरही सूज उतरायला दोन आठवडे गेले.

ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. त्यामुळे एरवी तिथे निकामी होणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) कामाला लागतं, शरीर मीठपाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. हे नवं नाही. १९४६ साली रेव्हर्स या डच डॉक्टरांना पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा गुण दिसला, आणि त्यांच्याच काही रुग्णांना सूज आलेलीही दिसली.

युरोपात ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. ज्येष्ठमधाच्या मुळीत ते ४ टक्के असेल, तर ३ ग्रॅम चूर्णातच १२० मिलिग्रॅम होतं. शिवाय प्रत्येक काडीचा जोर वेगळा, त्यामुळे चमच्याचं माप फसवं.

धडधाकट माणसाने घसा धरल्यावर नखाएवढा तुकडा चार-पाच दिवस चघळावा, मीही चघळते. पण बीपी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, लघवीच्या गोळ्या, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध, स्टेरॉइड यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. खोकल्याच्या औषधांची आणि हर्बल चहाची पाकिटंही वाचा. यष्टिमधु, मुलेठी म्हणजे ज्येष्ठमधच.

आता मूळ खोकल्याबद्दल. आईची गोळी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल आहे का, ते आधी बघा. या गोळ्यांनी काहींना असाच कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो. तसं असेल तर कितीही काढे दिले तरी तो हटणार नाही, डॉक्टर गोळी बदलून देतील. आपल्या मनाने मात्र गोळी थांबवू नका. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि काढ्याची पुडी, दोन्ही बरोबर न्या, आणि रक्तातलं पोटॅशियम तपासायचं का, हे आवर्जून विचारा.