दक्षिण अमेरिका कमी खर्चात: गाइडबुक कोणतं आणि कसं निवडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच-सहा महिने, कोलंबियापासून खाली पॅटागोनियापर्यंत, बस आणि हॉस्टेलच्या भरवशावर फिरायचं आहे. अख्ख्या खंडाचं एकच जाडजूड पुस्तक घ्यावं, देशागणिक वेगळी घ्यावीत, की फोन हातात असताना पुस्तक हवंच कशाला?

माझं मत: पुस्तक घ्या आणि खंडाचं एकच घ्या. पण ते हॉस्टेलांच्या यादीसाठी घेऊ नका. झोपायची जागा, जेवणाची जागा, तिथला आजचा दर या गोष्टी फोनवर जास्त ताज्या मिळतात. फोनवर धड मिळत नाही ती वेगळीच माहिती: कोणत्या गावातून कोणत्या गावाला जाता येतं, मधली बॉर्डर कुठे आहे, तिथे बसमधून उतरावं लागतं का, कुठला रस्ता कोणत्या महिन्यात बंद असतो, आणि सगळं कोणत्या क्रमाने करावं. ही माहिती एकाच जागी, एकाच माणसाच्या नजरेतून आलेली असते तेव्हाच कामाची ठरते. म्हणून पुस्तक पारखायचं ते प्रवासाच्या आणि बॉर्डरच्या पानांवरून. देवळं-किल्ल्यांची वर्णनं सगळ्यांचीच बरी असतात.

दुकानात किंवा प्रकाशकाच्या नमुना फाइलमध्ये पुढची पानं काढून बघा. वीस मिनिटं पुरतात.

पहिलं पान पेरूतल्या पुनोहून बोलिव्हियातल्या ला पाझला जाण्याचं. चांगल्या पुस्तकात इथे दोन वाटा वेगळ्या सांगितलेल्या असतात: एक देसाग्वादेरोवरून, दुसरी युंगुयो-कासानीवरून कोपाकाबानामार्गे. दुसऱ्या वाटेने गेलात तर बॉर्डरवर सामान बसमध्ये ठेवून खाली उतरायचं, पेरूची बाहेर पडल्याची नोंद करून घ्यायची, चालत पलीकडे जायचं आणि बोलिव्हियाचा आत आल्याचा शिक्का घ्यायचा. इथे घड्याळ एक तास पुढे जातं. पुढे तिकिनाच्या सामुद्रधुनीपाशी पुन्हा सगळ्यांना उतरवतात. प्रवासी छोट्या होडीतून आणि रिकामी बस तराफ्यावरून, असे दोघे वेगवेगळे पलीकडे जातात. होडीचे पैसे वेगळे द्यावे लागतात, म्हणून सुटी नाणी आणि पासपोर्ट खिशात हवेत, बसमधल्या सॅकमध्ये नकोत. हे सगळं पुस्तकात चार-पाच ओळींत मावतं. ज्या पुस्तकात नुसतं ‘पुनोहून ला पाझला रोज बस आहेत’ एवढंच लिहिलंय, ते बाजूला ठेवा. त्याच्या लेखकाने तो प्रवास केला असेल, पण लिहिताना तुमचा विचार केलेला नाही.

दुसरं पान इक्वाडोरच्या राजधानीचं, क्वितोचं. या शहराला दोन मोठे बसतळ आहेत: दक्षिणेला कितुंबे, उत्तरेला कार्सेलेन. बान्योसला जाणाऱ्या गाड्या कितुंबेहून सुटतात, ओतावालोच्या कार्सेलेनहून. चुकीच्या तळावर पोचलात तर अख्खं लांबलचक शहर उलटं पार करावं लागतं. नकाशावर हे दोन्ही तळ दाखवलेत का आणि शहराच्या मध्यापासून तिथे कसं जायचं ते लिहिलंय का, ते बघा. असंच पेरूच्या राजधानीचं, लिमाचं. तिथे बहुतेक मोठ्या बस कंपन्या आपापल्या तळावरून गाड्या सोडतात, त्यामुळे ‘बस स्टँडवर जा’ हा सल्ला तिथे निरुपयोगी आहे.

तिसरं पान काढा चिलीतल्या विया ओ’हिगिन्सचं. कार्रेतेरा आउस्त्राल हा सुमारे 1,240 किलोमीटरचा रस्ता इथे संपतो. इथून अर्जेंटिनातल्या एल चाल्तेनला गाडी जात नाही, पण माणूस जाऊ शकतो. ओ’हिगिन्स सरोवर बोटीने ओलांडून कान्देलारिओ मान्सिया, तिथे चिलीचा शिक्का, मग जवळपास 20 किलोमीटर चाल, लागो देल देसिएर्तोच्या उत्तर टोकाला अर्जेंटिनाची चौकी, ते सरोवर बोटीने किंवा काठाने चालत पार करायचं आणि शेवटचे 37 किलोमीटर गाडीने. ही वाट साधारण नोव्हेंबर ते एप्रिलच चालते, आणि वारा वाढला की बोट दिवसेंदिवस अडकते, म्हणून हाताशी जादा दिवस आणि जादा अन्न ठेवावं लागतं. तुम्ही या वाटेने जाणार नसलात तरी हे पान वाचा. ज्या पुस्तकात ती महिन्यांसकट आणि अडचणींसकट आहे, त्याची बाकीची आडवळणाची पानंही सहसा भरवशाची निघतात.

चौथी तपासणी उंचीची, आणि ही मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात सुचवलेले प्रवासमार्ग असतात, ते बघा. लिमा समुद्रकाठी आहे आणि पेरूतलंच कुस्को 3,400 मीटरवर. लिमाहून विमानाने कुस्को आणि दुसऱ्याच दिवशी ट्रेक, असा मार्ग सुचवणारं पुस्तक धोकादायक आहे. डोकेदुखी, उलट्या, झोप न लागणं इथून सुरुवात होते आणि दुर्लक्ष केलं तर प्रकरण जिवावर बेततं. शहाणं पुस्तक तुम्हाला जमिनीवरून हळूहळू वर नेतं: लिमा, मग 2,300 मीटरवरचं अरेकिपा, तिथे दोन-तीन दिवस, मग कुस्को, त्यानंतर 3,800 मीटरवरचं पुनो. ला पाझ 3,600 मीटरवर आहे, पण त्याचा विमानतळ वर एल आल्तोत, 4,000 मीटरच्याही वर. प्रत्येक गावाच्या नावापुढे उंचीचा आकडा छापणारं पुस्तक मिळालं तर अर्धं काम झालं.

आता पुस्तक किती ताजं आहे ते. मुखपृष्ठावरच्या वर्षावर विसंबू नका. आतलं प्रकाशनाचं पान उघडा आणि ही नवी आवृत्ती आहे की जुन्याचंच पुनर्मुद्रण, ते बघा. नव्या आवृत्तीला नवा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असतो. लेखक फिरून आल्यावर पुस्तक छापून दुकानात यायला बरेच महिने जातात, त्यामुळे कोरं पुस्तकसुद्धा आतून शिळं असतं. जुन्या बाजारात प्रत घेताना काही खुणा पटकन कळतात. क्वितोचा विमानतळ शहरात दाखवलाय? मग प्रत फेब्रुवारी 2013 च्या आधीची. ला पाझच्या केबल कारचा पत्ताच नाही? 2014 च्या आधीची. पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं असं लिहिलंय? तो नियम जुलै 2016 मध्ये बदलला, आता ते आयुष्यभर चालतं. (लस मात्र प्रवेशाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.) इक्वाडोरच्या गालापागोस बेटांचं प्रवेशशुल्क 100 डॉलर लिहिलंय? ऑगस्ट 2024 पासून बहुतेक परदेशी पाहुण्यांना ते 200 आहे. लिमा विमानतळाचं जुनं टर्मिनल? नवं जून 2025 मध्ये सुरू झालं.

जुनी प्रत अगदीच टाकाऊ असते असं नाही. डोंगर, नद्या, बॉर्डरच्या जागा, बसच्या वाटा दहा वर्षांत फार हलत नाहीत. पण पेरूतल्या माचू पिचूसारख्या ठिकाणी जुना सल्ला सरळ नुकसान करतो. आता तिथे ठरलेल्या वेळेचं आणि ठरलेल्या मार्गिकेचंच तिकीट मिळतं, 2024 मध्ये त्या मार्गिकाही बदलल्या. तिथे चालत नेणाऱ्या इंका ट्रेलला हमाल-वाटाडे धरून दिवसाला 500 माणसांचीच परवानगी असते आणि फेब्रुवारीत ती वाट बंद ठेवतात. चिलीतल्या तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानातही हंगामात तंबूची जागा आधी आरक्षित केल्याशिवाय मुक्कामी ट्रेक करता येत नाही. ‘पोचल्यावर बघा’ असा सल्ला देणारी पुस्तकं या तीन जागांसाठी बाद समजा.

पुस्तकातल्या किमतींकडे फक्त प्रमाण म्हणून बघायचं. बोलिव्हिया स्वस्त, चिली महाग, हे बरीच वर्षं टिकलंय. अर्जेंटिनात तेवढंही धरून चालता येत नाही: 2023 मध्ये तिथली महागाई वर्षाला 200 टक्क्यांच्या वर गेली होती, आणि डॉलर बदलण्याचे नियमही एप्रिल 2025 मध्ये बरेच सैल झाले. त्यामुळे अर्जेंटिनातले पैशांचे सल्ले पुस्तकातून अजिबात घेऊ नका. व्हिसाचंही तसंच. बहुतेक इंग्रजी गाइडबुकं अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टसाठी लिहिलेली असतात, आणि त्यांच्यासाठीसुद्धा ती चुकतात. ब्राझीलने अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या लोकांना 2019 मध्ये व्हिसा माफ केला आणि एप्रिल 2025 पासून परत लावला. तुमच्या पासपोर्टचं उत्तर त्या त्या देशाच्या वकिलातीकडूनच घ्या.

एक की अनेक, याचं गणित सोपं आहे. खंडाचं पुस्तक हजाराच्या आसपास पानांचं असतं. सुरुवातीची-शेवटची सामायिक पानं काढली तर मोठ्या देशाच्या वाट्याला शे-सव्वाशे पानं येतात. देशाच्या स्वतंत्र पुस्तकात त्याच्या तिपटीने-चौपटीने मजकूर असतो. पाच-सहा देश करणाऱ्याने पाच-सहा पुस्तकं वाहणं वेडेपणाचं आहे, पण दोन महिने फक्त पेरू-बोलिव्हिया करणाऱ्याला खंडाचं पुस्तक अपुरं पडेल. त्याने देशाची दोन घ्यावीत. आणि ज्या देशात तुम्ही सहा आठवड्यांहून जास्त राहणार आहात, त्या एकाच देशाचं जादा पुस्तक फोनवर ई-आवृत्तीत घ्यावं.

ई-आवृत्ती घेताना शक्य असेल तर पीडीएफ निवडा. दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये नकाशे बोटभर चित्रासारखे येतात आणि मोठे केले की धुरकट होतात. विकत घेतलेली फाइल निघण्याआधी फोन विमान मोडवर टाकून उघडून बघा. काही अ‍ॅप पहिल्या वेळी नेट मागतात आणि ते कळतं नेमकं रात्रीच्या बसमध्ये. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड या नेटशिवाय चालणाऱ्या नकाशा-अ‍ॅपमध्ये सगळ्या देशांचे नकाशे उतरवून ठेवा, आणि बॉर्डरवरच्या प्रवाशांच्या ताज्या नोंदींसाठी आयओव्हरलँडर हे अ‍ॅप.

तरी माझा कल कागदाच्या बाजूने आहे. फोन चोरीला जातो, भिजतो, उंचीवरच्या थंडीत बॅटरी भराभर उतरते. वजनाची भीती असेल तर पुस्तक कापा. त्याची रीत अशी: पाठीचा गोंद हेअर ड्रायरने मिनिट-दोन मिनिटं कोमट करायचा, जिथे देश बदलतो तिथे पुस्तक पूर्ण सपाट उघडायचं आणि धारदार ब्लेडने पानांच्या मुळाशी वरून खाली एकाच रेषेत, तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापायचं. जोर लावून एकदाच कापलं तर ब्लेड सरकतं आणि शेजारच्या पानाचा नकाशा जातो. कापलेल्या कडेला रुंद कापडी चिकटपट्टी पुढून-मागून दुमडून लावा. साधी पारदर्शक पट्टी आठवड्यात सुटते. कापण्याआधी बघून घ्या: कधी एका देशाच्या शेवटच्या पानाच्या पाठीवरच पुढच्या देशाचं पहिलं पान असतं. त्याचा फोटो काढून ठेवा.

आणखी एक अडचण अशी की पुस्तकं देश इंग्रजी वर्णक्रमाने लावतात, तुमच्या वाटेने नाही. पॅटागोनियात तुम्ही चिली-अर्जेंटिना असे चार-पाच वेळा इकडेतिकडे करणार, म्हणून त्या दोन देशांचे दक्षिणेकडचे भाग काढून एकत्र बांधा. भाषेची पानं प्रत्येक गठ्ठ्यात हवीत, आणि ब्राझीलच्या गठ्ठ्यात पोर्तुगीजची. सूचीची झेरॉक्स वेगळी.

आता नावं. लोन्ली प्लॅनेट आणि रफ गाइड्स या दोघांनी खंडाची पुस्तकं काढली आहेत. माझ्या मते निवड नावावर करू नये, वरच्या चार पानांवर करावी, कारण गेल्या काही वर्षांत बऱ्याच मालिकांनी फोटो वाढवले आणि बस-बॉर्डरचा मजकूर कमी केला. एकाच प्रकाशनाची आधीची आवृत्ती कधी कधी नव्यापेक्षा कामाची निघते. फक्त ट्रेकसाठी जाणार असाल तर सिसेरोन प्रकाशनाचं तोरेस देल पाइनेचं पुस्तक बघा. आणि ब्राझीलमधून गयाना, सुरिनाम असा वरचा फेरा मारायचा विचार असेल तर खंडाच्या पुस्तकात या देशांना जेमतेम दहा-पंधरा पानं मिळतात. त्यासाठी ब्रॅट प्रकाशनाची या देशांवरची स्वतंत्र पुस्तकं आहेत, तीच घ्या. ब्राझीलच्या बोनफिमहून गयानातल्या लेथेमला नदीवरचा पूल ओलांडताना गाड्या उजवीकडून डावीकडे जातात. तिथून राजधानी जॉर्जटाउनपर्यंतचा लांब, बराचसा कच्चा रस्ता पावसाळ्यात चिखलाचा होतो, तेव्हा कोणत्या महिन्यात जावं हे आधी त्या पुस्तकात वाचा आणि मगच बाकीच्या तारखा ठरवा.